भाषेच्या ओसरीवरून : घरचा माणूस मध्यें बसतो

गेल्या मासीं या सदरांत मराठींतील ‘च’ आणि ‘ही’ या दोन इवल्याशा अव्ययांविषयीं लिहिलें होतें. तें वाचून सांगलीकडील एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. त्या लिहितात : “माझी आठ वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जाते. तिनें वहींत ‘टर्न् ऑफ् द लाइट्’ असें लिहिलें, तेव्हां तिच्या बाईंनीं बरोबरची खूण केली. खालच्याच ओळींत तिनें ‘टर्न् ऑफ् इट्’ असें लिहिलें, तेव्हां तांबडी फुली मारली. ‘लाइट्’च्या जागीं ‘इट्’ घातलें तर एवढा कोणता अनर्थ झाला, असें ती मला विचारते. ‘इंग्रजींत असेंच असतें’ असें सांगून मीं तिला गप्प केलें. पण तें माझें मलाच बरें वाटलें नाहीं.”

या भगिनींनीं मनाला लावून घेऊं नये. ‘असेंच असतें’ हें उत्तर मींही ३६ वर्षें दिलें आहे. मी मूळचा संस्कृतचा मास्तर. परंतु लहान गांवच्या शाळेंत ज्याचा तास मोकळा त्याच्या गळ्यांत इंग्रजी पडे, आणि तो बहुधा मीच असें. मुलें विचारीत, मी ‘असेंच असतें’ म्हणें, आणि घंटा होई. त्या उत्तराबद्दल मला अलीकडे घरींच दंड भरावा लागला. ती हकीकत शेवटीं सांगेन. आधीं त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळूं.

हें क्रियापद कोणत्या जातीचें, तें प्रथम पाहिलें पाहिजे. ‘टर्न्’ म्हणजे वळणें किंवा वळविणें; ‘ऑफ्’ म्हणजे दूर, अलग. कोशांत हे दोन शब्द निरनिराळे पाहिले, तर त्यांच्या बेरजेंतून ‘दिवा मालविणें’ हा अर्थ सहसा निघावयाचा नाहीं. ‘गिव्ह्’ म्हणजे देणें. परंतु ‘गिव्ह् अप्’ म्हणजे सोडून देणें, ‘गिव्ह् इन्’ म्हणजे नमतें घेणें, आणि ‘गिव्ह् अवे’ म्हणजे देऊन टाकणें, प्रसंगीं गुपित फोडणें. संस्कृत शिकलेल्यास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. ‘हृ’ हा एकच धातु. परंतु त्याला निरनिराळे उपसर्ग लागले कीं, आहार, विहार, संहार, उपहार असे एकमेकांचे तोंड न पाहणारे शब्द तयार होतात. ‘गच्छति’ म्हणजे जातो, ‘आगच्छति’ म्हणजे येतो, ‘अवगच्छति’ म्हणजे समजतो. जें काम आपल्याकडे प्र, परा इत्यादि २२ उपसर्ग करितात, तेंच इंग्रजींत अप्, डाउन्, इन्, आउट्, ऑन्, ऑफ् यांसारखे लहान शब्द करितात. भेद इतकाच कीं, आपला उपसर्ग धातूच्या आधीं चालतो. त्यांचा मागून येतो.

या जोड्यांनीं परक्यांस नेहमींच घाम फोडला आहे. सॅम्युएल् जॉन्सन् याचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ सालीं निघाला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यानें या वर्गाचा मुद्दाम उल्लेख करून, परदेशीयांस सर्वांत मोठी अडचण यांचीच पडते, असें म्हटलें आहे. आणि म्हणून अशा जोड्या आपण कसोशीनें गोळा केल्याचेंही सांगितलें आहे. त्यांना ‘फ्रेझल् व्हर्ब्’ हें नांव रूढ झालें तें मात्र बरेंच पुढें. लोगन् पिअर्सल् स्मिथ् यानें १९२५ सालच्या ‘वर्ड्स् अँड् इडियम्स्’ या पुस्तकांत तें वापरलें, आणि तें आपणांस ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅड्ली यांनीं सुचविलें, असें नमूद केलें. १९३० सालीं सी. के. ऑग्डेन् यानें ८५० शब्दांची ‘बेसिक् इंग्लिश्’ म्हणून सोपी इंग्रजी काढली. तींत क्रियापदें अवघीं १८ ठेवलीं होतीं. एवढ्यावर त्याचें काम भागलें, तें या लहान शब्दांच्या आधारानेंच. परक्याला मात्र ती सोपी इंग्रजी वाटते तितकी सोपी नव्हती, हें सांगणें नलगे.

आतां नियम. या जोडीचें कर्म जर नाम असेल, तर तें जोडीच्या नंतर ठेवा किंवा मध्यें ठेवा, दोन्ही चालतें. ‘टर्न् ऑफ् द लाइट्’ आणि ‘टर्न् द लाइट् ऑफ्’ हीं दोन्ही वाक्यें शुद्ध आहेत. परंतु कर्म जर सर्वनाम असेल, तर त्याला मध्येंच बसलें पाहिजे : ‘टर्न् इट् ऑफ्’. मुलाला उठवावयाचें असेल तर ‘वेक् अप् द चाइल्ड्’ चालेल. पण ‘त्याला उठव’ म्हणावयाचें तर ‘वेक् हिम् अप्’. पावसाची सर आली आणि दोरीवरचे कपडे आंत आणावयाचे असले तर ‘ब्रिंग् इन् द क्लोद्ज्’. पण ‘ते आंत आण’ म्हणतांना ‘ब्रिंग् देम् इन्’. चष्मा काढणें म्हणजे ‘टेक् ऑफ् द ग्लासिझ्’. तो काढ म्हणजे ‘टेक् देम् ऑफ्’. इंग्रजी घरांतलें चार वर्षांचें पोरही यांत चुकत नाहीं, आणि त्याला हा नियम कोणी शिकविलेला नसतो.

हें असें कां? पंगतीचें उदाहरण घ्या. घरीं पाहुणे येतात तेव्हां पाहुण्याला आपण विचारतों, “आपण या टोकाला बसतां कीं त्या?” तो म्हणेल तेथें त्याचा पाट मांडतों. घरच्या मुलाला मात्र कोणी विचारीत नाहीं. “तूं जरा दाटून बस, काका आणि भाऊजी यांच्या मध्यें,” एवढेंच त्याला सांगतात, आणि तोही निमूटपणें अंग चोरून बसतो. भाषेंत नाम हा पाहुणा आहे. तें ऐकणाऱ्याला कांहीं नवें सांगत असतें : दिवा, मूल, कपडे, चष्मा. सर्वनाम हा घरचा माणूस आहे. ‘तो’, ‘ती’, ‘तें’ असें आपण केव्हां म्हणतों? तें काय आहे हें दोघांनाही ठाऊक असतें तेव्हांच. आपल्या आज्या-पणज्या यजमानांचें नांव न घेतां ‘हे’ म्हणत, आणि वाड्यांत पंचवीस पुरुष असले तरी ‘हे’ म्हणजे कोण याविषयीं कोणाला शंका येत नसे. जें ठाऊकच आहे, त्यावर आवाजाचा जोर खर्च करण्याचें प्रयोजन नसतें.

इंग्रजी वाक्याचा जोर बहुधा शेवटच्या महत्त्वाच्या शब्दावर पडतो. ती मानाची जागा. तेथें ‘इट्’ला बसविलें तर ज्याला जोर नको त्याला पाट मिळाला, आणि ज्या ‘ऑफ्’वर सगळा अर्थ अवलंबून तो मध्यें चेंगरला. म्हणून ‘इट्’ आंत सरकतें आणि ‘ऑफ्’ शेवटीं ठणकावून बोलतो. उलट कर्म लांबलचक असेल, उदाहरणार्थ ‘माजघराच्या मागच्या खोलींतला दिवा’, तर तें शेवटींच शोभतें. लवाजम्यासह आलेल्या पाहुण्याला दोघांच्या मध्यें कोण कोंबील?

आपली मराठी याहून फार निराळी वागते असें नाहीं. आपलें क्रियापद वाक्याच्या अंतीं येतें, आणि जोराची जागा त्याच्या लगतची पूर्वींची. ‘तें खालीं ठेव’ असें आपण म्हणतों. जोर ‘खालीं’वर, आणि ‘तें’ बिचारें अलीकडे दूर उभें. ‘खालीं तें ठेव’ असें म्हटलें तर ‘तें ठेव, दुसरें नको’ असा निराळाच सूर निघतो. दुबळ्या शब्दांनीं जोडीच्या मध्यें शिरण्याची चालही आपल्याकडे आहेच. ‘विसरून जाणें’ ही जोडी घ्या. “विसरून तर नाहीं ना गेलास?” असें आपण रोज विचारतों. ‘विसरून’ आणि ‘गेलास’ यांच्या मध्यें तीन चिमुकले शब्द दाटीवाटीनें बसले, तरी जोडी मोडली असें कोणाला वाटत नाहीं.

आतां त्या मुलीला एक खाचखळगा दाखविणें अवश्य आहे, नाहींतर ती नवीन नियम घेऊन निघेल आणि दुसऱ्या फुलीवर आपटेल. क्रियापदामागें लहान शब्द दिसला कीं तो या जातीचा, असें समजूं नये. ‘वेट् फॉर् हिम्’, ‘लुक् ऍट् इट्’, ‘लुक् आफ्टर् हर्’ येथें सर्वनाम शेवटींच राहतें. ‘वेट् हिम् फॉर्’ असें कोणी म्हणत नाहीं. कारण ‘फॉर्’ आणि ‘ऍट्’ हे येथें क्रियापदाचे सोबती नसून, आपल्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणें पुढच्या शब्दाचे आहेत. ‘त्याच्यासाठीं’ यांतला ‘साठीं’ जसा ‘त्याच्या’ला सोडून जात नाहीं, तसेंच हें. ओळखावयाचें कसें? कानानें. ‘वेट् फॉर् हिम्’ म्हणतांना जोर ‘वेट्’वर पडतो आणि ‘फॉर्’ पुसट होतो. ‘वेक् हिम् अप्’ म्हणतांना ‘अप्’ ठळक ऐकूं येतो. एकाच शब्दांत दोन्ही जाती कशा नांदतात, याचें इंग्रजी वैयाकरणांचें आवडतें उदाहरण आहे. ‘रॅन् अप् अ हिल्’ म्हणजे टेकडी धांवत चढला, आणि ‘रॅन् अप् अ बिल्’ म्हणजे उधारी वाढवून ठेविली. दिसावयाला दोन्ही सारखीं. पण सर्वनाम घालून पाहा : टेकडीसाठीं ‘रॅन् अप् इट्’ आणि उधारीसाठीं ‘रॅन् इट् अप्’. सर्वनाम हा येथें सोन्याचा कस पाहणारा दगड आहे. ‘पुट् अप् विथ् इट्’, म्हणजे ‘तें सोसून घे’, अशा तिहेरी जोड्यांत शेवटला शब्द ‘विथ्’ पुन्हा पुढच्या शब्दाचा असल्यामुळें तेथेंही सर्वनाम अंतींच येतें.

हें सारें मला इंग्रजी पुस्तकांनीं शिकविलें खरें. परंतु तें मला फार पूर्वीं माझ्याच पोथ्यांतून कळावयास हवें होतें. ‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ ही म्हण माझ्यासाठींच झाली असावी. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत, ८० पासून ८२ पर्यंतच्या तीन सूत्रांत, हाच विषय हाताळला आहे. उपसर्ग धातूच्या पूर्वीं असावे, हा सामान्य नियम. परंतु वेदांत ते धातूच्या नंतरही येतात, आणि मध्यें दुसरे शब्द पडून धातूपासून दूरही जातात, असें तो सांगतो. ऋग्वेदाच्या अगदीं पहिल्या सूक्ताची सातवी ऋचा पाहा. तींत ‘उप’ हा उपसर्ग आरंभीं आहे आणि त्याचें क्रियापद पार शेवटीं. आणि ‘उप’च्या पाठीला लागूनच कोण बसलें आहे? ‘त्वा’, म्हणजे ‘तुला’ हें सर्वनाम! ‘त्वाम्’ हें त्याचें भारदस्त रूप. ‘त्वा’ हें घरगुती, आंखडलेलें. हें आंखडलेलें रूप अनुदात्त असतें, म्हणजे त्याला स्वतःचा जोर नाहीं, आणि म्हणूनच तें चरणाच्या आरंभीं येऊं शकत नाहीं. कोणाच्या तरी आधारानें राहतें. ‘इट्’ आणि ‘हिम्’ यांची इंग्रजींतली रीत हीच नव्हे काय? मीं ही ऋचा शेंकडों वेळां म्हटली आहे. परंतु ‘ब्रिंग् देम् इन्’ शिकवितांना ती मला एकदांही आठवली नाहीं.

पाणिनीच्या काळच्या बोलींत उपसर्ग धातूला कायमचा चिकटला, आणि काव्यनाटकांच्या संस्कृतांत तसाच राहिला. माझें सारें शिक्षण त्या संस्कृतांतलें. उपसर्ग आणि धातु यांच्या मध्यें कोणाला शिरूं द्यावयाचें नाहीं, ही संवय माझ्या हाडीं खिळली. तिचाच मला दंड बसला.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा सातव्या वर्षीं पितृसुखाला अंतरला, आणि तेव्हांपासून आमच्याच घरांत वाढला. त्यानें पदवी उत्तम रीतीनें संपादन केली, आणि पुढील शिक्षणाकरितां एका धर्मादाय संस्थेकडे शिष्यवृत्तीसाठीं अर्ज केला. अर्जासोबत पालकाचें इंग्रजी पत्र हवें होतें. माझी सून दिवसभर कचेरींत इंग्रजींतच कामकाज करते, ती म्हणाली, “मी एकदां डोळ्यांखालून घालूं का?” मीं म्हटलें, “छत्तीस वर्षें मीं काय केलें?” आणि पाकीट बंद केलें. ‘याचे वडील गेल्यापासून आम्हीं याला कठीण दिवसांतून पार नेलें’ असें मला म्हणावयाचें होतें. त्यासाठीं ‘सी’ आणि ‘थ्रू’ यांची जोडी मला ठाऊक होती. मीं लिहिलें : ‘सिन्स् हिज् फादर्स् डेथ् वुई हॅव सीन् थ्रू हिम्’.

पुढें कांहीं महिन्यांनीं, एके रात्रीं आम्ही सारे जेवावयास बसलों असतां, माझ्या नातीनें आईला जवळ जवळ हाच सांगलीचा प्रश्न केला. सून समजावून सांगूं लागली. “कधीं कधीं जागा बदलली कीं अर्थच उलटतो. ‘सी हिम् थ्रू’ म्हणजे त्याला अडचणींतून पार नेणें. आणि ‘सी थ्रू हिम्’ म्हणजे त्याचें कपट ओळखणें.” माझा घास हातांतच राहिला. मीं पुतण्याकडे पाहिलें. त्यानें मान खालीं घातली आणि म्हणाला, “काका, ताक वाढूं का?” त्यावरून मला कळलें कीं, त्याला हें ठाऊक होतें.

जेवणें झाल्यावर ओसरीवर मीं त्याला विचारलें. तो सांगेना, शेवटीं सांगितलें. मुलाखतीच्या वेळीं मंडळांतील एका गृहस्थांनीं तें वाक्य मोठ्यानें वाचून विचारलें होतें, “तुमच्या काकांनीं तुमचें कोणतें कपट ओळखलें?” बाकीचे हंसले. यानें उत्तर दिलें, “माझे काका संस्कृत शिकवितात. त्यांनीं मला लहानाचा मोठा केला, असें त्यांना लिहावयाचें आहे.” शिष्यवृत्ति मिळाली नाहीं. अर्ज पुष्कळ होते, जागा थोड्या होत्या, त्या वाक्यानें कांहीं बिघडलें नाहीं, असें तो म्हणतो. मीं तें खरें मानावें अशी त्याची इच्छा आहे, आणि त्याच्यासमोर मी तें खरें मानतों.

मला खेद होतो तो चुकीचा नव्हे. परकी भाषा लिहिणारा चुकावयाचाच. खेद होतो तो पाकीट बंद करण्याच्या घाईचा. एकत्र कुटुंबांत वडील माणसाच्या अक्षराला कोणी हात लावीत नाहीं, ही आमची जुनी रीत. तिच्यांत आदर आहे, हें मी जाणतों. पण त्या आदरापायीं सुनेनें दुसऱ्यांदा विचारलें नाहीं, आणि पुतण्या कित्येक महिने ती गोष्ट एकटा पोटांत घेऊन वावरला. ज्या घरांत चूक दाखविणें म्हणजे अपमान, त्या घरांत शहाणीं माणसें असून नसल्यासारखीं होतात.

म्हणून सांगलीच्या भगिनींस माझें सांगणें असें : मुलीला गप्प केल्याचें वाईट वाटून घेऊं नये, पण तिला पुन्हा जवळ बसवावें. व्याकरणाची पुस्तकें बाजूला ठेवून घरांतल्या वस्तूंवरून खेळ मांडावा. आईनें म्हणावें, ‘टेक् ऑफ् द शूज्’. मुलीनें लगेच म्हणावें, ‘टेक् देम् ऑफ्’. आईनें ‘लुक् ऍट् द मून्’ म्हणावें. मुलीनें ‘लुक् ऍट् इट्’. जोर कोठें पडतो तें टाळी वाजवून दाखवावें : शेवटच्या लहान शब्दावर टाळी पडली कीं सर्वनाम मध्यें. आठ दिवसांत मुलीचा कान तयार होईल, आणि कदाचित् आईचाही. आणि तिनें ‘कां?’ विचारलें, तर ‘असेंच असतें’ म्हणूं नये. पंगतीची गोष्ट सांगावी.

आमच्या मुलानें यंदा दुसरीकडे अर्ज केला आहे. पालकाचें पत्र पुन्हा मींच लिहिलें. तेंच वाक्य ठेविलें, फक्त ‘हिम्’ला आंत घेतलें. मग कागद सुनेपुढें ठेवून चष्मा तिच्या हातीं दिला. तिनें दोनदां वाचलें, एक स्वल्पविराम घातला, आणि पाकीट तिनेंच बंद केलें.